घरातलं एकुलतं मत

निवडणुकीचा आदेश आला की माझं पोट दुखायला लागतं. नाटक नाही, खरंच दुखतं. परवा मधल्या सुट्टीत मोबाईल वाजला, आमच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर ड्युटीची यादी पडली, तीत माझं नाव दिसलं आणि हातातला भाकरीचा तुकडा मी तसाच डब्यात ठेवला. घ्या! आली पुन्हा निवडणूक. पुन्हा ट्रेनिंग, पुन्हा ती धुळीची सतरंजी, पुन्हा माईकवरून आम्हाला दटावणारा माझ्या मुलाच्या वयाचा साहेब. ट्रेनिंगच्या दारात टेबल टाकून एक क्लार्क बसलेला असतो आणि प्रत्येकाला विचारतो, “टपाली मतदानाचा फॉर्म भरायचा का?” बाकीच्या बाया घाईघाईत फॉर्म घेऊन आत जातात. मी त्या टेबलाशी जरा जास्तच वेळ उभी राहते. मागचे लोक कुरकुरतात. कुरकुरू देत.

आमच्याकडे निवडणूक आणि उसाचा हंगाम आता हातात हात घालून यायला लागलेत. तेलगावच्या रस्त्याला दिवाळीनंतर कधीही उभं राहून बघा. एका बाजूनं भोंगा लावलेली जीप येते, तिच्यात उमेदवाराचं गाणं. दुसऱ्या बाजूनं ट्रॅक्टर येतो, त्याच्या ट्रॉलीत पत्र्याच्या पेट्या, घागरी, गोधड्या, दोरीनं बांधलेली शेळी आणि त्या सगळ्यावर बसलेली माणसं. जीपमधला हात जोडतो. ट्रॉलीतली माणसं त्याच्याकडे बघून हसतात आणि निघून जातात. मतं मागणारे गावात शिरतात तेव्हा मतं देणारे वेशीबाहेर पडलेले असतात. वाऱ्यावर कुठूनतरी मळीचा वास येत असतो, रानात कापूस फुटून लोंबत असतो आणि वेचायला हात नसतात.

मी ज्या वाडीत शिकवते, तिथे या दिवसांत शाळेचा पट निम्म्यावर येतो. हजेरी घेताना मी नावं भराभर वाचते, कारण प्रत्येक ‘गैरहजर’ला थांबलं तर हजेरी पुरी होत नाही. वाडीत उरतात ती म्हातारी माणसं. घरं राखायला ठेवलेली. प्रत्येक दारात एक बाज, बाजेवर एकजण, आणि जवळ पाण्याचा तांब्या. सकाळी मी गाडीवरून जाते तेव्हा एकेकजण हात वर करतो. शाळा उघडली एवढं त्यांना त्यावरून कळतं.

मी त्या वाडीची बीएलओ, मतदान केंद्राची अधिकारीसुद्धा आहे. म्हणजे मतदार यादीचं ओझं माझ्या डोक्यावर. कोण मेलं, कोण लग्न होऊन गेलं, कोण अठराचं झालं, सगळं मला ठाऊक. सुनेला आधी मला विचारावं लागतं की सासूचं नाव यादीतून गेलं का, अशी थट्टा बाया करतात. करोत. मला ते काम आवडायचं, खोटं कशाला बोलू? यादी हातात घेऊन घरोघर फिरताना मला आपण कुणीतरी आहोत असं वाटायचं.

गेल्या निवडणुकीच्या साली वरून सांगणं आलं की पंच्याऐंशीच्या पुढच्या मतदारांना घरबसल्या मत देता येईल. फक्त एक फॉर्म भरून द्यायचा, मग पथक मतपत्रिका घेऊन घरी येणार. किती छान! मी वाचलं आणि मला आनंदच झाला. आमच्या वाडीतली शाळा चढावर आहे. त्याआधीच्या निवडणुकीत दोन म्हाताऱ्यांना खुर्चीत बसवून वर नेलेलं मी बघितलं होतं. मी ठरवलं, या वेळी एकालाही तो चढ चढायला लावायचा नाही. आणि हेही सांगून टाकते की सगळ्यात जास्त फॉर्म माझ्या यादीतून जावेत असंही मनात होतं. आमच्या गटावर रोज आकडे टाकायचे असत, कुणाचे किती झाले. माझ्या नावापुढे साहेबांनी अंगठा दाखवणारं चित्र टाकलं तेव्हा मी ते नवऱ्याला नेऊन दाखवलं होतं. पन्नाशीला आलेली बाई मी, आणि ही असली हौस!

किसनआबांचा फॉर्म मीच भरला. किसनआबा म्हणजे उंच, वाळलेला, पांढऱ्या मिशांचा माणूस. आयुष्यभर ऊस तोडून कमरेत वाकलेला, पण काठी टेकून का होईना, चालता. जन्मसाल विचारलं तर म्हणाले, “रझाकाराच्या वक्ताला म्या ढोरं राखीत व्हतो, बघा आता तुमीच किती व्हतंय ते.” आधारकार्डावर पंच्याऐंशी पुरे झालेले होते, माझं काम झालं. त्यांचा मुलगा दत्ता, सून, मोठा नातू आणि नातसून, असे दोन कोयते आठवड्यापूर्वीच कर्नाटकात गेले होते. आमच्याकडे नवरा-बायकोच्या जोडीला कोयता म्हणतात. माणसं मोजायची नाहीत, कोयते मोजायचे. घरात मतं पाच. चार उसाच्या फडात गेलेली.

“आबा, इथं सही करा,” मी म्हटलं.

“कशाची वो बाई?”

“तुम्हाला आता शाळेत यायला नको. मत घरी येईल.”

आबांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू मी त्यांना सांगतेय, नदी तुमच्या अंगणात आणून देते. “घरी? कावून? माझं पाय हायत की अजून.”

“अहो हायत, पण चढ आहे, ऊन असतं, रांग असते.”

“रांगंत तर मजा असती, बाई. चार माणसं भेटत्यात.”

मी हसले. बाकी सात घरं राहिली होती, ऊन उतरत होतं. फॉर्मवर खाली एक ओळ होती. हा अर्ज मंजूर झाला तर मतदान केंद्रावर मत देता येणार नाही. ती ओळ मी वाचून दाखवली. वाचून दाखवली, एवढं मी शपथेवर सांगेन. पण कशी वाचली ते मला ठाऊक आहे. शनिवारी शेवटच्या तासाला धडा उरकतो तशी. आबांनी प्रौढ शिक्षणाच्या वर्गात शिकलेली आपली सही सावकाश काढली, ‘किसन’मधल्या वेलांटीला चांगला फुगवटा दिला, आणि पेन परत देताना म्हणाले, “दत्त्यानं जाताना सांगितलंय. म्हणला, आबा, आमची चार तर गेली, तुमी तुमचं सोडू नका. घरातलं एक तरी मत पडू द्या.”

“पडेल ना आबा. मी आहे ना.”

हे ‘मी आहे ना’ मला अजून झोंबतं.

पथक येणार त्या दिवशी मी सकाळीच सांगून गेले होते. दहानंतर कधीही येतील, माझ्यासकट सहा जण, घरीच राहा. मला त्यांच्याबरोबर फिरायचं होतं, घरं दाखवायला. गाडी आली ती साडेअकराला. साहेब, त्यांचा जोडीदार, एक निरीक्षक, एक पोलीस, एक कॅमेरावाला आणि मी. मतपत्रिकांची पेटी, पुठ्ठ्याचा आडोसा, पाकिटांचा गठ्ठा. वाडीत एवढी माणसं एकदम एकाच्या दारात गेली तर लोकांना वाटतं एक तर लग्न ठरलं नाहीतर भांडण झालं. आम्ही आबांच्या दारात गेलो तर दाराला कडी. बाज रिकामी.

मी हाका मारल्या. मागे गोठ्यात बघितलं. साहेबांनी घड्याळ बघितलं. त्यांना पुढे अजून चार गावं करायची होती, त्यांचंही चुकलं म्हणता येत नाही. पंधरा मिनिटं थांबून त्यांनी कागदावर लिहिलं, ‘मतदार घरी आढळून आले नाहीत’. दुसऱ्या भेटीची तारीख लिहून दारावर चिठ्ठी चिकटवली. गाडी गेली. मी एकटी तिथे उभी, आणि माझा संताप संताप होत होता. या म्हाताऱ्याला इतकं सांगून गेले तरी!

थोड्या वेळानं फाट्याच्या बाजूनं आबा येताना दिसले. एका हातात काठी, दुसऱ्या हातात किटली, आणि खांद्याला लटकवलेल्या पिशवीत कागदी कप. चालताना चहा सांडू नये म्हणून पावलं जपून टाकत होते. फाट्यावरचं हॉटेल एक कोस तरी असेल.

“आबा! कुठं गेलता तुम्ही? येऊन गेले ना ते!”

आबा थांबले. किटलीकडे बघितलं, रस्त्याकडे बघितलं. “गेले? च्या बी न घेता?”

“तुम्हाला घरी थांबा म्हटलं होतं मी.”

“बाई, सायेब लोक दारात येणार. सून घरी न्हाई, दूध न्हाई. कोरड्या तोंडानं कसं लावून द्यायचं माणसाला? तुमीच म्हणला सहा जण हायत. म्हणून सहा कप आणले.” ते ओट्यावर बसले, धाप लागली होती. मग त्यांनी दोन कप भरले, एक माझ्यापुढे सरकवला. चहा कोमट झाला होता आणि भरपूर गोड होता. मी प्यायले. दुसरा कपही प्यायले. माझा राग कुठे गेला कुणास ठाऊक.

कचेरीत नंतर एक तक्ता तयार होतो. इतके अर्ज मंजूर, इतक्या मतपत्रिका दिल्या, इतक्या परत आल्या. आणि एक रकाना असतो, परत न आलेल्या. त्या रकान्यात फक्त आकडा असतो. त्यात किटली नसते. मला वाटतं ते तक्ते बघणारे समजत असतील, लोकांना किंमत नाही. घरी बसून मिळालं तरी घेत नाहीत, आळशी कुठले! पण मी एकेक घर ओळखते ना. एक आजीबाई अर्ज भरल्यावर आठव्या दिवशी गेल्या. एकीला मुलीनं बाळंतपणाच्या मदतीला लातूरला नेलं, वयाच्या सत्त्याऐंशीव्या वर्षी, आणि ती हौसेनं गेली. ड्युटीवर असलेल्या माझ्याच शाळेतल्या एका सरांनी टपाली मतपत्रिका नीट घडी करून पाकिटात घातली, पाकीट नीट चिकटवलं, आणि प्रतिज्ञापत्र घालायचं राहिलं म्हणून ते फोडायला गेले तर सगळंच फाटलं. दुसरं मागायला लाज वाटली त्यांना. गणिताचे शिक्षक. आता हे तक्त्यात कसं लिहिणार?

दुसऱ्या भेटीच्या दिवशी आबा तयार बसले होते. दाढी केलेली, धुतलेलं धोतर, डोक्याला पटका. शेजारणीकडून दूध आणून ठेवलेलं. अंगण शेणानं सारवून घेतलेलं, कुणाकडून ते मला माहीत नाही. आणि दाराशी खुर्ची टाकून आणखी एकजण बसला होता. गावच्या दादांचा पुतण्या. दादा म्हणजे वाडीतले मोठे जमीनदार, ज्यांच्या बोअरवर अर्धी वाडी पाणी भरते, आबांचं घरसुद्धा. पुतण्या उमेदवाराचा प्रतिनिधी म्हणून आला होता. नियमात बसतं ते, कुठल्याही उमेदवाराचा माणूस येऊ शकतो. दुसऱ्या कुणाचा आला नव्हता एवढंच. पोरगं वागायला वाईट नव्हतं. मला उठून खुर्ची दिली त्यानं.

साहेबांनी बाजेवर पुठ्ठ्याचा आडोसा उभा केला. कॅमेरावाला मागे सरकला. साहेब शांतपणे समजावू लागले. “आबा, ही मतपत्रिका. आडोशामागे खूण करा, कुणी बघणार नाही. घडी घाला. या लहान पाकिटात घाला, चिकटवा. मग हे तुमचं प्रतिज्ञापत्र, यावर तुमचं नाव आहे, सही आहे. हे आणि ते लहान पाकीट, दोन्ही या मोठ्या पाकिटात. झालं.”

आबांनी मोठं पाकीट हातात घेतलं. उलटं केलं, सुलटं केलं. “सायेब, इचारू का? म्हंजे माझं नाव अन् माझं मत एकाच पाकिटात?”

“हो, पण लहान पाकीट बंद असतं ना. मोजणीच्या वेळी आधी कागद तपासतात, मग लहान पाकिटं वेगळी करतात, सगळी एकत्र मिसळतात. कुणाचं कुणाला कळत नाही.”

“कोण येगळी करतं?”

“आमचीच माणसं.”

“अन् तितं ह्यांची माणसं बी असत्यात?” आबांनी मान हलवली नाही, पण कुणाबद्दल विचारतायत ते अंगणातल्या कोंबड्यांनाही कळलं असेल. पुतण्या हसला. “टाका की आबा. आपलेच हाव समदे.”

मग आबांनी माझ्याकडे बघितलं. “बाई, तुमी सांगा. तुमी लिवलं-वाचलेल्या हाव. न्हाई ना कळत कुणाला?”

मला उत्तर पाठ होतं. पंचवीस वर्षांत किती ट्रेनिंगं झाली! ते गुप्त असतं, शंभर टक्के गुप्त असतं, साहेब सांगतात ते खरं आहे. मी म्हटलं, “गुप्त असतं, आबा.” पण ते म्हणताना मी पाकिटाकडे बघत होते, त्यांच्याकडे नाही. माझा आवाज असा काही निघाला की मलाच तो ओळखू येईना.

कारण माझ्या कपाटात तसंच एक पाकीट आहे. हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही, नवऱ्यालासुद्धा नाही. नोकरीला लागून चारेक वर्षं झाली होती, निवडणुकीच्या ड्युटीवर होते म्हणून टपाली मतपत्रिका मागितली होती. ती पोस्टानं माजलगावला सासरी आली. सासरे राजकारणातले, ओसरीवर कायम दहा माणसं. पोस्टमननं पाकीट त्यांच्याच हातात दिलं. संध्याकाळी जेवणं झाल्यावर ते म्हणाले, “सूनबाई, आणा तो कागद. कुठं खूण करायची ते दाखवतो, म्हणजे वाया जायला नको.” किती मायेनं म्हणाले होते! दीर बसले होते, नवरा बसला होता, सगळे माझ्याकडे बघत होते. आमच्या घरात तेव्हा सुनेच्या चपलासुद्धा तिला न विचारता आणायचे. मला कुणाला मत द्यायचं होतं ते मी ठरवलं होतं, आणि ते त्यांचं माणूस नव्हतं. मी म्हटलं, “मामंजी, शाळेत मोठ्या साहेबांची सही घेऊन मग करायचंय.” तेवढं खरंच होतं. दुसऱ्या दिवशी पाकीट पर्समध्ये घालून नेलं. शाळेत बसून खूण करता आली असती. पण मनात आलं, यावर माझं नाव आहे. मोजणीच्या टेबलाशी सासऱ्यांचीच चार माणसं बसणार आहेत. उघडलं आणि कळलं तर? संध्याकाळी घरी सांगितलं, टाकलं पोस्टात. सासरे खूश झाले. जरीच्या साडीच्या घडीत ते पाकीट अजून आहे. साडी नेसायची वेळ येते तेव्हा मी ते दुसऱ्या साडीत ठेवते.

म्हणजे हे बघा. साऱ्या वाडीत प्रभातफेरी काढणारी, मुलांकडून ‘मतदान करा’ म्हणून घोषणा देऊन घेणारी, फळ्यावर रंगीत खडूनं बोट काढणारी मी. आणि माझंच मत साडीत.

आबांनी माझ्या तोंडावर ते सगळं वाचलं, असं मी म्हणणार नाही. त्यांनी एवढंच बघितलं की बाईचा आवाज लागत नाही. पेन त्यांनी बाजेवर ठेवलं. हात जोडले. “सायेब, माफी करा. म्या शाळंतच टाकीन. तितं बटन दाबलं की झालं, संगं नाव जात न्हाई.”

“आबा, शाळेत आता चालणार नाही. तुमच्या नावापुढे यादीत खूण झालीय. आज दिलं नाही तर गेलं.”

“बगू की,” आबा म्हणाले. “च्या घ्या.”

सगळ्यांनी चहा घेतला. पुतण्यानंसुद्धा. साहेबांनी कागदावर लिहिलं की मतदारानं मत देण्यास नकार दिला. परत जाताना गाडीत मी मनातल्या मनात साहेबांशी भांडत होते. नकार कुठे दिला हो त्यांनी? मत द्यायला नाही म्हणाले का ते? त्या पाकिटाला नाही म्हणाले. पण हे बोलायला मला तोंड कुठे होतं? फॉर्म मी आणला होता. चालत्या माणसाला, रांगेत मजा येते म्हणणाऱ्या माणसाला, मी घरी बसवलं होतं.

आता कळतं मला. शाळेतलं ते पुठ्ठ्याचं खोपटं म्हणजे नुसती सोय नाही. वाडीतल्या माणसाला आयुष्यात एकट्यानं उभं राहायला मिळतं ते तिथे. घरात भावकी असते, रानात मुकादम असतो, पाण्यावर दादा असतात. त्या आडोशामागे मिनिटभर कुणी नसतं. रांगेत दोनशे माणसं असतात म्हणून तर एकाचं मत लपतं. घरी बाजेवर एकट्यासाठी आणलेलं मत लपत नाही, त्याच्याकडे सगळ्यांचं लक्ष असतं. आम्ही सोय म्हणून ते त्यांच्या दारापर्यंत नेलं आणि त्याला राहायला जागाच उरली नाही.

मतदानाच्या दिवशी मी शाळेबाहेर टेबल टाकून बसले होते, यादीतले क्रमांक शोधून चिठ्ठ्या देत. सकाळी गर्दी कमीच होती. गर्दी करणारे फडात. नऊच्या सुमाराला आबा चढ चढून येताना दिसले. मध्ये दोनदा थांबले. मी उठून पुढे जायला हवं होतं. त्यांना तिथेच गाठून सांगायला हवं होतं की आबा, नका. पण मी यादीत डोकं खुपसलं. मला वाटलं, कुणी सांगावं, आत एखादा चांगला साहेब असेल, बघून न बघितल्यासारखं करेल. असं काही होत नसतं हे मला ठाऊक होतं. आबा माझ्या टेबलाशी आलेच नाहीत. त्यांना क्रमांक पाठ होता. सरळ रांगेत जाऊन उभे राहिले, पुढच्या-मागच्यांशी बोलायला लागले. एकदा तर खळखळून हसलेलेही ऐकू आले.

वीस मिनिटांनी ते बाहेर आले. बोटावर शाई नव्हती. माझ्या टेबलाशी येऊन उभे राहिले, काठीवर दोन्ही हात ठेवून.

“नाव हाय म्हणले,” ते म्हणाले. “पर नावापुढं इंग्रजीत कायतरी लिवलंय. म्हणले, तुमाला घरी दिलतं.”

“आबा, माझं चुकलं,” मी म्हटलं. भर गर्दीत, सगळ्यांसमोर. “तो फॉर्म मीच भरून घेतला. तुम्ही नको म्हणत होता.”

“न्हाई बाई, तुमी चढ बगून केलं. मला ठावं हाय.” आणि मग, माझ्याकडे न बघता, “कोण एवडं चढ बगतंय आमचा?”

मला रडूच आलं असतं. पण तेवढ्यात त्यांच्या बंडीच्या खिशात फोन वाजला. साधा, बटणांचा फोन. आबांना बटण सापडेना, मी दाबून दिलं. दत्ताचा फोन होता. त्याचा आवाज इतका मोठा होता की मला सगळं ऐकू येत होतं. मागे ऊस तोडण्याचा खचखच आवाज, कुणीतरी बैलाला ओरडत होतं.

“आबा! गेलता का शाळंत?”

“गेलतो की.”

“टाकलं का मत?”

आबांनी शाळेच्या दाराकडे बघितलं, आपल्या कोऱ्या बोटाकडे बघितलं. मग त्यांनी फोन माझ्यापुढे धरला. “बाईंना इचार. बाई हितंच हायत.” त्यांना खोटं बोलायचं नव्हतं, आणि खरं सांगायचं नव्हतं.

मी फोन घेतला. “दत्ता, मी बाई बोलते.”

“बाई, आबानं टाकलं का हो मत? आमची चार तर गेली बगा. लई जिवाला लागलंय. निदान त्याचं तरी...”

आबा माझ्याकडे बघत होते. मला पथकाचे साहेब आठवले, त्यांचा तो कागद, सासऱ्यांची ओसरी, सगळं एकदम. मी म्हटलं, “टाकलं, दत्ता.”

तिकडे त्यानं फोन कानाचा काढला असावा, कारण त्याची हाक लांबून आली, फडातल्या सगळ्यांना ऐकू जाईल अशी. “ए! आबानं टाकलं गं! आपल्या घरचं मत पडलं!” खचखच थांबली. एका बाईचा हसण्याचा आवाज आला, मग आणखी कुणाकुणाचा. मी फोन आबांच्या कानाला लावला आणि ते हसणं संपेपर्यंत तसाच धरून उभी राहिले.